ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : आधी निदान, मग पाना

दहा-बारा वर्षे वापरलेली ऑटोमॅटिक मोटार एके दिवशी सिग्नलवरून निघताना अडखळते. किंवा रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर काहीच घडत नाही आणि मग गाडी धक्का देऊन मागे सरकते. ती गॅरेजमध्ये नेली की पाच मिनिटांत निकाल लागतो : 'गिअरबॉक्स गेला.' या दोन शब्दांची किंमत फार मोठी असते. संपूर्ण गिअरबॉक्स उतरवून उघडण्याचा किंवा बदलण्याचा खर्च अनेकदा जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत पोहोचतो, क्वचित त्याच्याही पुढे जातो. मग इंजिन ठणठणीत आणि पत्रा शाबूत असलेली गाडी मालक मिळेल त्या भावाला विकून मोकळा होतो.

ज्याला दुसरी गाडी घेणे परवडते, त्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पैशाचा आहे. परंतु गुडघ्याच्या दुखण्यामुळे क्लच दाबणे अशक्य झालेली ज्येष्ठ मंडळी किंवा डाव्या पायात बळ नसलेली व्यक्ती यांच्या दृष्टीने ऑटोमॅटिक गाडी ही चैन नव्हे. ती गेली तर त्यांचे स्वतंत्रपणे बाहेर पडणेच थांबते. अशा गाडीवर घाईने मृत्युलेख लिहिला जाऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

आपल्याकडे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सविषयीचे बहुतेक निकाल साक्षीपुरावा न तपासताच दिले जातात, असे या लेखकाचे मत आहे. गिअरबॉक्स तक्रार करतो तेव्हा तो तेलाच्या रंगातून, वासातून, धक्क्याच्या वेळेतून आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यातून बोलत असतो. तो एकदा खाली उतरवून उघडला की यांपैकी निम्म्याहून अधिक पुरावा पुसला जातो. तेल सांडून जाते, दाब मोजता येत नाही आणि गाडी गरम असताना नेमके काय करत होती, हे पुन्हा पाहण्याची सोय उरत नाही. गिअरबॉक्स खरोखरच निकामी होतात, यात शंका नाही. प्रश्न तपासणीच्या क्रमाचा आहे.

पहिला प्रश्न मेकॅनिकने नव्हे, तर मालकानेच स्वतःला विचारायला हवा : आपली गाडी नेमकी कोणत्या प्रकारची ऑटोमॅटिक आहे? मागच्या काचेखाली लावलेल्या 'ऑटोमॅटिक' या पट्टीआड आपल्या रस्त्यांवर निदान चार वेगवेगळी यंत्रे धावत आहेत. मारुतीच्या जुन्या झेन आणि एस्टीमच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत तीन गतींचा, ह्युंदाईच्या सँट्रो आणि आय-१० मध्ये चार गतींचा पारंपरिक गिअरबॉक्स होता. त्यात टॉर्क कन्व्हर्टर असतो. होंडा सिटीची २००० च्या दशकातील सीव्हीटी आवृत्ती याहून निराळी. तिच्यात ठरावीक गिअरच नाहीत, तर दोन पुल्यांमध्ये फिरणारा पोलादी पट्टा असतो. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेला 'एएमटी' हा तर मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच होय. त्याचा क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. चौथा प्रकार फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या काही गाड्यांत मिळणारा दोन क्लचचा गिअरबॉक्स.

हा भेद पुस्तकी नाही. एएमटी गाडी चढावर मागे घसरू लागली किंवा निघताना थरथरू लागली, तर बहुधा क्लचप्लेट झिजलेली असते किंवा क्लच हलवणाऱ्या यंत्रणेला नव्याने 'शिकवण्याची' गरज असते. तेथे गिअरबॉक्स उघडण्याची भाषा करणारा माणूस चुकीच्या खोलीत शिरलेला असतो. दोन क्लचच्या गिअरबॉक्सची गोष्ट तर जगजाहीर आहे. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गतींच्या अशा गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या आणि त्यांतील सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरून दिले. उष्ण व दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत त्या तेलामुळे विद्युत बिघाड संभवत होता. उष्ण, दमट आणि थांबत-थांबत चालणारी हे वर्णन मुंबईकराला कोणाचे वाटेल, ते सांगायला नको.

येथून पुढे प्रामुख्याने टॉर्क कन्व्हर्टरच्या पारंपरिक गिअरबॉक्सचा विचार करू. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने 'हायड्रा-मॅटिक' हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आणला, तेव्हापासून या यंत्राची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचे पातेही फिरू लागते. वाऱ्याच्या जागी तेल कल्पिले की टॉर्क कन्व्हर्टर समजतो. इंजिनाला जोडलेले एक चक्र तेल फेकते, त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सचे चक्र फिरते. दोहोंच्या मध्ये धातूचा पक्का सांधा नसल्यामुळेच सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही.

पुढे ग्रहमालेसारखी रचना असलेले दंतचक्रांचे संच असतात. त्यांतील कोणता भाग रोखायचा आणि कोणता मोकळा सोडायचा, यावर गिअर ठरतो. हे रोखण्याचे काम तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या क्लच पॅककडे असते. तेल कोणत्या वाटेने पाठवायचे ते 'व्हॉल्व्ह बॉडी' नावाचा चक्रव्यूह ठरवतो आणि त्याच्या दारांवर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे छोटे पहारेकरी, बसलेले असतात. अर्थात शक्ती पोहोचवणे, क्लच आवळणे, उष्णता वाहून नेणे आणि वंगण पुरवणे ही चारही कामे एकच तेल करते. म्हणूनच गिअरबॉक्सची तपासणी तेलापासून सुरू व्हायला हवी, आणि आपल्याकडे नेमकी तीच पायरी वगळली जाते.

तेलाची पातळी पाहणे सोपे असले तरी त्याची रीत आहे. इंजिन ऑईल थंड गाडीत पाहतात; गिअरबॉक्सचे तेल मात्र गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून गरम झाल्यावर पाहायचे. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून व ब्रेक दाबून लिव्हर सर्व स्थानांतून एकदा फिरवून 'पी'वर आणायचा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच काडी बाहेर काढतात. होंडाच्या अनेक गिअरबॉक्समध्ये मात्र इंजिन बंद करून एक-दीड मिनिटाच्या आत पातळी पाहायची असते. हा फरक ठाऊक नसल्यामुळे जास्तीचे तेल ओतले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. जादा तेल फिरत्या चक्रांत घुसळून फेसाळते, फेसाळ तेलाला दाब धरता येत नाही आणि मग क्लच घसरू लागतात. कमी तेल आणि जास्त तेल यांची लक्षणे कित्येकदा सारखीच असतात. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत काडीच दिलेली नसते. त्यांचे तेल ठरावीक तापमानाला खालच्या बुचातून तपासावे लागते, आणि ते काम वर्कशॉपचेच.

पातळी कमी निघाली तर केवळ भर घालून स्वस्थ बसू नये. इंजिन ऑईलसारखे हे तेल जळून कमी होत नाही. ते कमी झाले याचा अर्थ कोठून तरी गळत आहे. अ‍ॅक्सलचे सील, खालच्या पॅनचे गॅस्केट आणि कूलरकडे जाणारे रबरी पाइप ही नेहमीची संशयित ठिकाणे. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवले, तर सकाळी गळतीची जागा आणि रंग दोन्ही कळतात. (आजच्या अंकाचा एवढा उपयोग तरी नक्कीच होईल.)

आता रंग आणि वास. काडी पांढऱ्या कागदावर टेकवावी. नवे तेल बहुधा लालसर व पारदर्शक असते. काही सीव्हीटी तेले हिरवट किंवा पिवळसरही असतात. वापराने तांबूस-तपकिरी झालेले तेल म्हातारे आहे, मेलेले नाही. ते काळपट झाले असेल आणि करपल्यासारखा उग्र वास येत असेल, तर क्लचच्या प्लेटवरील घर्षणाचा थर जळून तेलात मिसळला आहे, असे समजावे. ही वाईट बातमी होय. त्याहून वाईट बातमी पुण्यातल्या स्ट्रॉबेरी मस्तानीच्या रंगाची असते. दुधाळ गुलाबी तेल म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलात पाणी किंवा कूलंट शिरल्याची खूण. पुष्कळ गाड्यांत हे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातच बसवलेली असते. ती आतून कुजली की दोन्ही द्रव एकत्र होतात, आणि पाण्याने क्लच प्लेटवरचा चिकटवलेला थर सुटू लागतो. रेडिएटरच्या झाकणाखाली तेलाचा तवंग दिसला तर संशय पक्का होतो. अशा वेळी गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

तेलाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा आपल्याकडे वरचेवर घडतो, तो म्हणजे चुकीच्या तेलाचा. 'ऑटोमॅटिकचे तेल' असे एकच तेल नसते. ह्युंदाईच्या चार गतींच्या गिअरबॉक्सला 'एसपी-३' प्रतीचे तेल लागते. होंडाच्या साध्या ऑटोमॅटिकचे तेल वेगळे आणि सीव्हीटीचे त्याहून वेगळे. क्लचने किती घसरून मग पकड घ्यायची, हे त्या तेलातील रसायनांवर अवलंबून असते. गाडी सर्व्हिसिंगहून आल्यानंतर लगेच धक्के देऊ लागली असेल, तर बिलावर कोणत्या तेलाचे नाव आहे ते आधी पाहावे. तेथे नुसते 'गिअर ऑईल' लिहिले असेल, तर चौकशीचा धागा सापडलाच म्हणून समजा.

तेल बदलावे की बदलू नये, हा वाद प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतो. 'जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलले की तो मरतो' ही समजूत पूर्णतः निराधार नाही. क्लचचा थर जवळजवळ संपलेला असताना, जुन्या तेलात तरंगणाऱ्या त्याच्याच कणांमुळे थोडीफार पकड टिकून राहते. स्वच्छ तेल येताच ती जाते आणि दोष तेलावर येतो. तो गिअरबॉक्स आधीच शेवटच्या घटका मोजत होता. याउलट तेल केवळ तपकिरी झाले आहे, करपलेला वास नाही आणि गाडी घसरत नाही, अशा वेळी तेल बदलणे हिताचेच. पॅनचे बूच काढून एका खेपेस साधारण एक-तृतीयांश ते निम्मे तेलच बाहेर येते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असते. त्यामुळे थोडे-थोडे दिवस गाडी चालवून दोन-तीन खेपांत तेल बदलणे ही सौम्य पद्धत जुन्या गाडीला अधिक मानवते. यंत्र लावून दाबाने सगळे तेल एकदम धुवून काढण्याचा आग्रह जुन्या गाडीच्या बाबतीत तरी मान्य करू नये.

तेलाची साक्ष झाली की लक्षणांची वेळ पाहावी. डॉक्टर ताप केव्हा येतो हे विचारतात, तसाच हा प्रश्न आहे. सकाळी पहिल्यांदा 'डी' टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते, पण गरम झाल्यावर बिनतक्रार चालते, असे असेल तर वयाने कडक झालेली रबरी सीले आणि रात्रीत ओघळून खाली गेलेले तेल यांच्याकडे बोट जाते. हा बिघाड हळूहळू वाढतो. हाती वेळ असतो. उलट, सकाळी गाडी उत्तम चालते आणि तासभर वाहतुकीत अडकल्यावर घसरू लागते, तर प्रकरण अधिक गंभीर असण्याचा संभव आहे. गरम तेल पातळ होऊन झिजलेल्या सीलांतून निसटते, दाब पडतो. अर्थात काही सोलेनॉइडही गरम झाल्यावरच दगा देतात, आणि ते तुलनेने स्वस्तात बदलता येतात. म्हणूनच 'गरम झाल्यावर घसरते' या एका वाक्यावर गिअरबॉक्स उतरवणे योग्य नव्हे.

'एन'मधून 'डी'मध्ये किंवा 'आर'मध्ये गेल्यावर साधारण सेकंदाभरात गिअर पडल्याची हलकी जाणीव व्हायला हवी. 'डी' आणि 'आर' दोन्हींत काहीच घडत नसेल, तर तेलाची पातळी, पंप किंवा कधीकधी निव्वळ सुटलेली लिव्हरची केबल असा तपास करावा. फक्त रिव्हर्सच पडत नसेल आणि बाकी सर्व गिअर व्यवस्थित असतील, तर दोष त्या एका गिअरशी संबंधित क्लचमध्ये किंवा त्याच्या तेलमार्गात असतो. एखाद्या विशिष्ट बदलालाच इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, हेही तसेच. कोणत्या बदलाला, म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात की दुसऱ्यातून तिसऱ्यात, एवढे नोंदवून ठेवले तरी जाणकार मेकॅनिकचे अर्धे काम होते.

सर्वांत अधिक फसवणारे लक्षण म्हणजे थरथर. पुणे द्रुतगती महामार्गाला लागण्यापूर्वी ताशी ६०-७० च्या वेगाने, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून गाडी चालली असताना रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी काही सेकंद थरथर जाणवते आणि नाहीशी होते. या वेगाला टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला 'लॉक-अप' क्लच इंजिन व गिअरबॉक्स यांना घट्ट जोडत असतो. तेल जुने झाले किंवा त्या क्लचचा थर झिजला की तो धड पकडतही नाही आणि सोडतही नाही. याची एक सोपी चाचणी आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, थरथर चालू असताना उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकच्या पेडलला केवळ दिवा लागण्यापुरता स्पर्श करावा. ब्रेकचा संकेत मिळताच लॉक-अप सुटतो. त्या क्षणी थरथर थांबली तर दोष लॉक-अपचा, आणि तेल बदलण्यापासून उपचार सुरू करता येतो. थरथर तशीच राहिली तर स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासावेत. चारांपैकी एक सिलिंडर अधूनमधून चुकत असेल तरी चालकाला ते गिअरबॉक्सचेच दुखणे वाटते. डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करण्याची सवय नसते, पाय जोरात पडतो. म्हणून ही चाचणी एखाद्या अनुभवी चालकाकडून करून घेतलेली बरी.

मघाशी उल्लेख केलेल्या होंडा सिटीच्या सीव्हीटीत थरथर दुसऱ्याच ठिकाणी असते, म्हणजे गाडी जागेवरून निघताना. त्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर नाही. गाडी निघण्याच्या वेळी पकड घेणारा एक स्वतंत्र क्लच आहे. तेल जुने झाले की तो थरथरत पकड घेतो. कंपनीने सांगितलेलेच सीव्हीटी तेल घालून त्या क्लचचे कॅलिब्रेशन करून घेतल्यावर गाडी सुधारते की नाही, हे पाहिल्याखेरीज पुढची पायरी चढू नये.

आता तोतयांकडे वळू. लिव्हर 'पी'मधून हलतच नाही, ही तक्रार ऐकून गाडी उचलून नेणारे क्रेनवाले बोलावले जातात. वस्तुतः ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर हलू नये अशी योजना असते, आणि ब्रेक दाबल्याचा संकेत ब्रेक लाइटचा स्विच देतो. कोणाला तरी मागे उभे करून ब्रेकचे दिवे लागतात का, एवढे पाहावे. लागत नसतील, तर गिअरबॉक्स निर्दोष असून दोष एका किरकोळ स्विचचा किंवा फ्यूजचा आहे. 'डी' टाकताच गाडीला हिसका बसत असेल, तर इंजिनाच्या रबरी माउंटिंगकडे पाहावे. ती फाटली की इंजिनच डोलते आणि आदळते. इंजिनाचे आयडलिंग वाढलेले असले तरी असाच हिसका बसतो. तीन गतींच्या जुन्या गाड्यांत थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल येते. ती सैल झाली वा ताणली गेली की गिअर फार लवकर किंवा फार उशिरा पडतात. वळताना 'कट-कट' आवाज येणे हा तर अ‍ॅक्सलच्या सांध्याचा आजार. अशक्त बॅटरीसुद्धा इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सचे डोके फिरवू शकते.

गाडी एकाएकी एकाच गिअरमध्ये अडकून राहते, वेग घेत नाही, पण चालते, याचा अर्थ बहुधा नियंत्रक संगणकाने काहीतरी चुकल्याचे ओळखून गिअरबॉक्स वाचवण्यासाठी 'घरी पोहोचण्यापुरती' व्यवस्था लागू केली आहे. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सारे सुरळीत होते आणि मालक ते विसरून जातो. विसरू नये, कारण संगणकाच्या स्मृतीत त्या घटनेची नोंद राहिलेली असते. होंडाच्या जुन्या गाड्यांत 'डी४' ही अक्षरे लुकलुकू लागतात; ती सजावट नसून तक्रारच आहे. आपल्याकडे २०१० पासून टप्प्याटप्प्याने ओबीडी ही निदानव्यवस्था मोटारींना बंधनकारक झाली आणि २०१३ पासून तिची दुसरी, अधिक सविस्तर पायरी लागू झाली. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटे यंत्र जोडून हे संकेतांक वाचता येतात.

'पी ०७००' एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाची काही तक्रार आहे. ती कोणती, हे दुसऱ्या संकेतांकावरून कळते. 'पी ०७१५' व 'पी ०७२०' हे आत-बाहेरच्या वेगाच्या सेन्सरविषयी, 'पी ०७४१' लॉक-अप क्लचविषयी, 'पी ०७५०' पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडविषयी, तर 'पी ०७३०' गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याविषयी बोलतो. मात्र संकेतांक हा तक्रारीचा पत्ता असतो, गुन्हेगाराचे नाव नव्हे. सोलेनॉइडचा संकेतांक आला म्हणून सोलेनॉइड बदलला, आणि प्रत्यक्षात वायर उंदरांनी कुरतडलेली होती, असा प्रकार सोसायटीच्या तळघरात गाडी ठेवणाऱ्यांना नवा वाटणार नाही. आधी वायर आणि कनेक्टर, मग सेन्सर, मग सोलेनॉइड आणि सर्वांत शेवटी क्लच, हाच क्रम खिशाला आणि तर्काला धरून आहे.

पावसाळ्याचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या इंजिनाचीच चर्चा होते. परंतु गिअरबॉक्सलाही हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. त्यातून आणि काडीच्या नळीतून पाणी आत जाते. गाडी चाकांच्या वर पाण्यात उभी राहिली असेल, तर ती सुरू न करता आधी गिअरबॉक्सचे तेल पाहावे. तेल दुधाळ असेल तर इंजिन सुरू करून 'काय होते ते पाहू' म्हणणे सर्वांत महागडे ठरते. ती गाडी नेतानाही सावधगिरी हवी. गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून, पुढची चाके रस्त्यावर फिरवत गाडी दोरीने ओढली, तर आतली चक्रे कोरडी फिरतात. आपल्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असल्याने पुढची चाके उचलून किंवा सपाट ट्रकवर चढवूनच त्या न्याव्यात. ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो.

एवढ्या तपासानंतरही उत्तर सापडले नाही, तर वर्कशॉपच्या दोन चाचण्या उरतात. एकीत मीटर लावून तेलाचा प्रत्यक्ष दाब मोजतात. दुसरीत ब्रेक घट्ट दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देतात आणि इंजिनाचे फेरे कोठवर चढतात ते पाहतात. ही चाचणी पाच सेकंदांपेक्षा अधिक चालवली तर चांगला गिअरबॉक्सही जळू शकतो आणि समोर माणूस उभा असल्यास जिवावर बेतते. मालकाने ती स्वतः करण्याच्या फंदात पडू नये. त्यानंतर तेलाचे पॅन उघडतात. पॅनमधल्या चुंबकावर काजळीसारखा करडा लेप असणे हे वयाचे लक्षण आहे, ते पाहून घाबरू नये. चकाकणारे धातूचे तुकडे, पितळी कण किंवा काळ्या थराच्या खपल्या निघाल्या, तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्यास संमती द्यावी. पॅनचे छायाचित्र मागून घ्यावे. प्रामाणिक वर्कशॉपला त्यात अडचण वाटत नाही.

गिअरबॉक्स खरोखरच गेला असेल तर भंगारातून आणलेला दुसरा बसवणे स्वस्त पडते, पण त्याचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. मूळ गिअरबॉक्सचीच दुरुस्ती करायची असेल, तर सर्व सीले, क्लच प्लेट आणि टॉर्क कन्व्हर्टर यांचा हिशेब अंदाजपत्रकात वेगवेगळा लिहून घ्यावा. कूलर आणि त्याचे पाइप धुतले जाणार आहेत का, हे आवर्जून विचारावे. जुन्या क्लचचा चुरा तेथे दडून बसतो आणि नव्या तेलाबरोबर नव्या गिअरबॉक्समध्ये जातो. कूलंट मिसळल्यामुळे गिअरबॉक्स गेला असेल, तर रेडिएटर बदलल्याखेरीज नव्या गिअरबॉक्सला हातही लावू देऊ नये.

जुनी ऑटोमॅटिक गाडी विकत घेणाऱ्यांनी हीच तपासणी उलट्या बाजूने करावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाड्या या सुमारास मोठ्या संख्येने बाजारात येतात, आणि त्यांतील काही गिअरबॉक्सच्या पहिल्या तक्रारीनंतर लगेच आलेल्या असतात. थंड गाडी एकदा आणि तासभर चालवलेली गाडी एकदा, अशा दोन्ही अवस्थांत 'डी' व 'आर' टाकून पाहावे. चढावर उभी करून पुढे काढावी. पंख्याचा आणि रेडिओचा आवाज बंद ठेवावा. गाडी पाहायला गेल्यावर सर्वांत आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर विक्रेत्याने आपण येण्यापूर्वी गाडी फिरवून आणली आहे, एवढे नक्की. अशा वेळी वाद न घालता दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागावी, आणि गाडी आपल्या समोरच पहिल्यांदा सुरू करावी, अशी विनंती करावी.